संख्या आणि सामर्थ्य : झुडपी वाळवंटाच्या मातीतील भक्षक माइटांच्या अभ्यासाचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास लिहिताना सिद्धान्तांना अग्रपूजेचा मान मिळतो आणि साधनांची वासलात बहुधा परिशिष्टात लावली जाते. मृदाप्राणिशास्त्राच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. मातीतील बहुसंख्य प्राणी उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि दिसले तरी त्यांचा व्यवहार पाहता येत नाही. ज्या साधनाने त्यांना मातीबाहेर काढावे, त्या साधनाच्या हाती जे लागेल तेवढेच अभ्यासकाच्या हाती लागते. म्हणून मातीतील एखाद्या प्राणिगटाविषयी आपणांस काय ठाऊक आहे, हे विचारण्यापूर्वी ते कोणत्या रीतीने ठाऊक झाले, हे विचारणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात अशा एका गटाचा, म्हणजे झुडपी वाळवंटाच्या मातीत राहणाऱ्या भक्षक माइटांचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ह्या प्राण्यांच्या अभ्यासाच्या इतिहासात दोन निरनिराळे प्रश्न विचारले गेले. ‘ते किती आहेत?’ हा पहिला व ‘ते नसतील तर काय होईल?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर काढता येते, अशी समजूत बराच काळ अभ्यासकांच्या मनात होती. ती समजूत कशी मोडली, आणि ती मोडणारी पद्धतही निर्दोष कशी नव्हती, ह्यातच ह्या इतिहासाचे मर्म आहे.

१. प्राण्यांचा परिचय

माइट हे कोळ्यांचे आप्त. त्यांच्या प्रौढावस्थेत पायांच्या चार जोड्या असतात, आणि मातीतील बहुतेक जातींची लांबी एक मिलिमीटरच्या आतच असते. श्वसनरंध्रांच्या स्थानावरून त्यांचे मोठे गट पाडण्याची रीत जुनी आहे. मातीच्या अभ्यासकाला त्यांपैकी तीन गटांशी विशेष प्रयोजन पडते. क्रिप्टोस्टिग्मॅटा किंवा ओरिबॅटिड माइट हे कठीण कवचाचे, मंद चालीचे आणि कुजका पाला व कवके खाणारे. मेसोस्टिग्मॅटा गटातील गॅमासिड माइट हे चपळ असून कोलेम्बोला, सूत्रकृमी व इतर लहान माइट ह्यांची शिकार करतात. तिसरा गट प्रोस्टिग्मॅटा हा सर्वांत विविध : त्यांतील डेलिड व क्युनॅक्सिड कुळांतील माइट उघड उघड भक्षक आहेत, नॅनॉर्केस्टिड माइट शैवले खातात, तर टायडीइड कुळातील लहान, मऊ अंगाच्या माइटांचा आहार कोणत्या सदरात घालावा हा वादाचाच विषय होता. पुढील विवेचनात ह्या शेवटच्या कुळाला मध्यवर्ती स्थान आहे.

ओलसर वनभूमीत ओरिबॅटिडांचे प्राबल्य असते. रुक्ष प्रदेशात मात्र प्रोस्टिग्मॅटांचा वाटा वाढतो. जॉन वॉलवर्क ह्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री येथील वाळवंटी मातीच्या सूक्ष्मसंधिपादांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. तेथील ज्युनिपर झुडपांखालच्या पाचोळ्यातील प्राण्यांचे वितरण व ऋतुमानानुसार होणारे चढउतार त्यांनी नोंदविले. वाळवंटाची माती म्हणजे निर्जीव धूळ नव्हे, हे अशा अभ्यासांनी निर्विवाद केले. परंतु त्यांतील भक्षकांचे कार्य कोणते, ह्या प्रश्नाला गणनेतून उत्तर मिळण्यासारखे नव्हते.

२. नरसाळ्याचे राज्य

मातीतून प्राणी काढण्याच्या आधुनिक पद्धतीचा आरंभ इटालियन कीटकशास्त्रज्ञ आंतोनियो बेर्लेझे (१८६३–१९२७) ह्यांच्यापासून धरतात. फ्लॉरेन्स येथील कृषिकीटकशास्त्र संस्थेचे प्रमुख असताना त्यांनी १९०५ मध्ये आपल्या नरसाळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नरसाळ्याच्या दुहेरी भिंतींमध्ये गरम पाणी, मध्ये जाळीवर मातीचा वा पाचोळ्याचा नमुना आणि तळाशी संग्राहक पात्र, अशी त्याची साधी रचना होती. माती तापून सुकू लागली की प्राणी ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि पात्रात पडतात. १९१८ मध्ये स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन ह्यांनी गरम पाण्याऐवजी नमुन्याच्या वर विजेचा दिवा बसविला. ‘बेर्लेझे–टुलग्रेन नरसाळे’ हे जोडनाव तेव्हापासून रूढ झाले, व आजही प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांतून ते उपकरण वापरात आहे.

बेर्लेझे ह्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. तुतीच्या झाडांवरील खवलेकिडीने इटलीतील रेशीम-व्यवसाय संकटात आला असता, १९०६ मध्ये त्यांनी अमेरिकेतून एक परजीवी गांधीलवर्गीय कीटक आणवून त्या किडीचा बंदोबस्त केला. एक चिमुकला शत्रू आपल्याहून किती तरी पट मोठ्या लोकसंख्येला आवर घालू शकतो, हे झाडावर त्यांनी प्रत्यक्ष दाखविले होते. तोच विचार मातीखाली नेण्यास मात्र आणखी अर्धशतक लागले. ह्याचे एक कारण असे की झाडावरची कीड दिसते, तिच्यावरचा शत्रूही दिसतो. मातीतील शिकारी आणि शिकार नरसाळ्याच्या तळाशी, मद्यार्कात बुडालेले, एकमेकांशेजारी सापडतात. कोणी कोणाला खाल्ले असते, हे त्यांच्या प्रेतांवरून कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ह्या विषयाला वेग आला. केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट ह्यांनी सहकाऱ्यांसह १९४८ मध्ये कुरणाच्या मातीतील संधिपादांची गणना प्रसिद्ध केली. ते नरसाळ्यावर विसंबले नाहीत. माती धुऊन, द्रवावर तरंगणारे प्राणी वेचण्याची रीत त्यांनी वापरली, आणि एका चौरस मीटरला दोन लाखांहून अधिक प्राणी त्यांच्या हाती लागले. १९५५ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या कृषिविद्यालयात भरलेल्या मृदाप्राणिशास्त्राच्या परिषदेत पद्धतींचा तौलनिक विचार झाला. अम्यन मॅकफॅडिएन ह्यांनी १९५३ ते १९६१ ह्या काळात नरसाळ्याची मूलतत्त्वेच तपासून पाहिली. नमुना लहान घ्यावा, वरची बाजू तापवावी आणि खालची थंड व दमट ठेवावी, म्हणजे उष्णतेचा व आर्द्रतेचा उतार तीव्र होऊन अधिक प्राणी बाहेर पडतात, असे त्यांनी दाखविले.

ह्या साऱ्या सुधारणांनंतरही नरसाळ्याचा एक मूळ गुणधर्म कायम राहिला. ते प्राण्याला बाहेर काढीत नाही. प्राण्याने स्वतःच्या पायांनी बाहेर यावे अशी परिस्थिती निर्माण करते. जो चालू शकत नाही, जो सुप्तावस्थेत आहे किंवा जो अंड्यात आहे, तो मोजला जात नाही. ओल्या प्रदेशातील मातीसाठी योजलेली ही युक्ती कोरड्या प्रदेशात कितपत विश्वसनीय, हा प्रश्न म्हणूनच गंभीर होता. १९८७ मध्ये डेव्हिड वॉल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धशुष्क मातीसाठी हेप्टेन ह्या द्रवावर आधारलेली तरंगण पद्धती योजून तिची नरसाळ्याशी तुलना केली, तेव्हा तरंगण पद्धतीने अधिक प्राणी हाती आले. म्हणजे तोपर्यंत अशा मातीसाठी नरसाळ्याने दिलेल्या आकड्यांत प्राण्यांच्या संख्येबरोबरच साधनाची मर्यादाही मोजली गेली होती.

नमुना घेण्याची वेळही साधनाचाच भाग असते, हे वाळवंटात विशेष स्पष्ट झाले. वॉल्टर व्हिटफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले की चिवावा वाळवंटातील सूक्ष्मसंधिपाद दैनंदिन स्थलांतर करतात. पहाटेच्या गारव्यात ते पृष्ठभागावरील पाचोळ्यात आढळतात आणि ऊन चढले की खाली मातीत उतरतात. दुपारी पाचोळा गोळा करणाऱ्याला तेथे प्राणी अत्यल्प आहेत असे वाटावे, आणि त्याच झुडपाखाली पहाटे जाणाऱ्याला उलट प्रत्यय यावा, असा हा प्रकार आहे.

३. विषाची साक्ष

‘ते नसतील तर काय होईल?’ हा दुसरा प्रश्न प्रथम हेतुपूर्वक विचारला गेला नाही. तो कीटकनाशकांच्या अनुषंगाने उपस्थित झाला. महायुद्धानंतर डी.डी.टी. व बी.एच.सी. ह्यांचा शेतीत मुक्तहस्ताने वापर होऊ लागला, तेव्हा मातीतील निरुपद्रवी प्राण्यांवर त्यांचा काय परिणाम होतो ह्याची चौकशी सुरू झाली. ब्रिटिश माइटतज्ज्ञ शील्स ह्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत एक विसंगत वाटणारी गोष्ट होती. बी.एच.सी.ने कोलेम्बोलांची संख्या घटली, हे अपेक्षितच होते, डी.डी.टी.ने मात्र ती वाढली. विषाने प्राणी वाढावेत ह्याचा उलगडा भक्षकांकडे पाहिल्यावर झाला. डी.डी.टी. हे मेसोस्टिग्मॅटा माइटांना घातक ठरले, कोलेम्बोलांना तितकेसे नाही. शिकारी गेले आणि शिकार माजली. पुढे १९६७ मध्ये एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या शेतजमिनीवरील अभ्यासानेही ह्याच दिशेने साक्ष दिली.

शील्स ह्यांच्या निष्कर्षाचे महत्त्व पुष्कळांच्या तत्काळ ध्यानात आले असे म्हणता येणार नाही. तो कीटकनाशकांच्या दुष्परिणामांच्या खात्यावर जमा झाला. परंतु तर्कदृष्ट्या त्यातच एका नव्या पद्धतीचे बीज होते. भक्षकाचे सामर्थ्य त्याच्या संख्येवरून ठरत नाही; त्याला दूर केल्यावर इतरांच्या संख्येत जो फरक पडतो, त्यावरून ते ठरते. आता हा प्रयोग जाणूनबुजून करणे एवढेच उरले होते.

४. होर्नादा येथील प्रयोग

तो प्रयोग झाला अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, लास क्रूसेस शहराजवळच्या होर्नादा मैदानात. ही भूमी चिवावा वाळवंटाच्या उत्तर भागात मोडते. वार्षिक पाऊस सुमारे २५० मिलिमीटर, आणि त्यातील निम्म्याहून अधिक जुलै ते सप्टेंबर ह्या महिन्यांत पडतो. १९१२ पासून तेथे सरकारी चराई-संशोधन क्षेत्र आहे.

ह्या मैदानाला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो आपल्या विषयाशी निगडित आहे. १८५८ च्या भूमापन-नोंदींची १९६३ पर्यंतच्या पाहण्यांशी तुलना करून बफिंग्टन व हर्बेल ह्यांनी १९६५ मध्ये दाखविले की पूर्वी बहुतांशी गवताळ असलेले हे मैदान सुमारे शंभर वर्षांत मेस्काइट, टारबुश व क्रिओसोट ह्या झुडपांनी व्यापले. अतिचराई आणि अवर्षण ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. गवताळ भूमीत जीवनद्रव्ये बऱ्याच अंशी सारखी पसरलेली असतात. झुडपी भूमीत ती झुडपाच्या छत्राखाली गोळा होतात व मधली जमीन उघडी, नापीक राहते. श्लेसिंगर व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वाळवंटीकरणाच्या प्रक्रियेत ह्या ‘सुपीकतेच्या बेटां’चे महत्त्व प्रतिपादिले. तत्पूर्वीच, १९७८ मध्ये, सांतोस, डी प्री आणि व्हिटफर्ड ह्यांनी होर्नादा परिसरात पाचोळ्याचे व सूक्ष्मसंधिपादांचे स्थलवितरण तपासले होते. प्राणी पाचोळ्याच्या मागे जातात आणि पाचोळा झुडपांच्या मागे. म्हणून येथील माइटांची समष्टी ही एकसंध चादर नसून ठिगळांची गोधडी आहे, आणि मैदानाची ‘सरासरी घनता’ हा आकडा गणिताने बरोबर असला तरी जीवशास्त्राने पोकळ आहे.

अशा भूमीत क्रिओसोट झुडपाची पाने कुजतात कशी? पृष्ठभागावरील पाने कडक उन्हात वाळतात. वाऱ्याने वा प्राण्यांच्या उकरण्याने मातीखाली गेलेली पाने मात्र ओलाव्यामुळे लवकर कुजतात. पेड्रो सांतोस व वॉल्टर व्हिटफर्ड ह्यांनी जाळीच्या पिशव्यांत क्रिओसोटचा पाला भरून त्या मातीत पुरल्या आणि ठराविक काळाने काढून तपासल्या. काही पिशव्यांतील प्राणी क्लोर्डेन ह्या कीटकनाशकाने दूर ठेवले होते. १९८१ मध्ये ‘इकॉलॉजी’ ह्या नियतकालिकाच्या एकाच खंडात ह्या कामाचे दोन निबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. दुसऱ्यात जॅनिस फिलिप्स ह्याही सहलेखिका होत्या. पुरलेल्या पाल्यात सर्वांआधी येणारे माइट टायडीइड कुळातील होते. कवकभक्षी त्यांच्यामागून आले.

दुसऱ्या निबंधातील युक्तिवाद विद्यार्थ्यांनी पायरी-पायरीने अभ्यासावा असा आहे. अपघटनाच्या आरंभीच्या अवस्थेत पाल्यात सूक्ष्मजंतू, किण्व, मुक्तजीवी सूत्रकृमी आणि टायडीइड माइट हेच प्रमुख जीव होते. टायडीइड माइट दूर केले, तेव्हा सूक्ष्मजंतूंवर जगणाऱ्या सेफॅलोबिड सूत्रकृमींची संख्या वाढली आणि सूक्ष्मजंतूंची घटली. माइट आणि सूत्रकृमी दोन्ही दूर केले, तेव्हा सूक्ष्मजंतूंची संख्या अस्पर्शित पाल्याहूनही अधिक झाली. सूक्ष्मसंधिपाद वगळलेल्या पाल्याचे अपघटन ४० टक्क्यांनी मंदावले. हे माइट सेफॅलोबिड सूत्रकृमींना खातात, असेही आढळले.

येथे निर्णायक आहे ती दोन्ही जीव दूर करण्याची रचना. केवळ माइट वगळण्यापाशी प्रयोग थांबला असता, तर विषानेच सूक्ष्मजंतू मारले असा आक्षेप घेता आला असता. परंतु सूत्रकृमींनाही दूर करताच सूक्ष्मजंतू कमी न होता वाढले. म्हणजे त्यांच्या ऱ्हासाला सूत्रकृमींची चराई कारण होती, विष नव्हे. एका झुडपाचे पान कुजण्याचा वेग त्या पानाला न शिवणाऱ्या एका भक्षकावर अवलंबून असतो, असा ह्याचा अर्थ. पाला सूक्ष्मजंतू कुजवितात, सूत्रकृमी त्यांना चरतात आणि माइट सूत्रकृमींना मर्यादेत ठेवतात. भक्षक येथे संहारक न राहता रक्षक ठरतो. तो नसेल तर पोषकद्रव्ये पानात अडकून पडतात, आणि ज्या बेटावर झुडूप उभे आहे त्याची सुपीकताच मंदावते.

५. आक्षेप आणि मर्यादा

इतके झाले तरी वगळणीच्या पद्धतीला आंधळेपणाने प्रमाण मानता येत नाही. विष हे शस्त्रवैद्याची सुरी नव्हे. ते नेमक्या एका कुळाला कापून काढीत नाही. विटकॅम्प व क्रॉस्ली ह्यांनी १९६६ मध्ये वनभूमीच्या पाचोळ्यातून संधिपाद हटविण्यासाठी नॅप्थॅलिन, म्हणजे आपण कपड्यांत ठेवतो त्या डांबराच्या गोळ्यांचे द्रव्य, वापरले होते, आणि ती पद्धती पुष्कळांनी उचलली. परंतु १९८९ मध्ये ब्लेअर, क्रॉस्ली व रायडर ह्यांनी खुद्द नॅप्थॅलिनचा मातीतील सूक्ष्मजंतूंच्या क्रियेवर व नायट्रोजनावर परिणाम होतो हे दाखविले, तेव्हा जुन्या निष्कर्षांपैकी प्राण्यांचा वाटा किती आणि द्रव्याचा किती, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. होर्नादा येथील प्रयोगातही मेलेले सूत्रकृमी हेच सूक्ष्मजंतूंना खाद्य झाले असतील, अशी शंका तर्काने घेता येते. शिवाय क्लोर्डेनचा अमेरिकेतील सर्व वापर १९८८ मध्ये बंद झाला, व २००१ च्या स्टॉकहोम करारात ते दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक प्रदूषकांत गणले गेले. ज्या विषाने मातीचा एक नियम उघड केला, ते मातीत घालण्यास अयोग्य ठरले.

दुसरी मर्यादा ‘भक्षक’ ह्या शब्दाचीच आहे. सांतोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी टायडीइडांना निखळ भक्षक म्हटले नाही, सर्वभक्षी म्हटले. १९८० नंतरच्या दशकात कोलोरॅडोतील आखूड गवताच्या प्रदेशातील माइटांवर वॉल्टर ह्यांनी केलेल्या प्रयोगांनी ह्या सावधगिरीचे सार्थक केले. पुस्तकांतून कवकभक्षी म्हणून नोंदलेल्या अनेक जाती संधी मिळताच सूत्रकृमी खातात, असे त्यांनी जिवंत माइटांना निरनिराळे खाद्य देऊन दाखविले. मुखांगांच्या आकारावरून आहार ठरविण्याची परंपरा त्यामुळे डळमळली. नरसाळ्याच्या पात्रातील माइटांची कुळवार विभागणी करून ‘भक्षक इतके, कवकभक्षी इतके’ असा तक्ता मांडणे सोपे. परंतु त्या तक्त्यातील रकाने निसर्गाने आखलेले नसतात.

त्याच प्रदेशासाठी हंट व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या अन्नजालाचे आकडे येथे बोलके आहेत. हेक्टरी कार्बनाच्या मापाने सूक्ष्मजंतूंचे वजन सुमारे ३०० किलोग्रॅम, तर भक्षक माइटांचे जेमतेम १६० ग्रॅम. हा प्रदेश झुडपी नसून गवताळ आहे, हे खरे. पण प्रमाणाची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे. केवळ वजनावरून महत्त्व ठरविणाऱ्याने ह्या १६० ग्रॅमांची नोंद घेण्याचे कारणच नाही. होर्नादा येथील ४० टक्क्यांचा आकडा त्याच्या शेजारी ठेवला, म्हणजे ह्या लेखाच्या शीर्षकातील दोन शब्दांमधले अंतर स्पष्ट होते.

६. उपसंहार

ह्या इतिहासाचा आढावा घेतला असता असे दिसते की गणना आणि वगळणी ह्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी नव्हेत. गणना नसती तर शील्स ह्यांना कोलेम्बोलांची वाढ दिसलीच नसती. वगळणी नसती तर त्या वाढीचा अर्थ कळला नसता. आणि वॉल्टर ह्यांच्यासारख्यांनी जिवंत प्राणी हाती घेऊन त्याला काय खायला आवडते हे पाहिले नसते, तर आपण चुकीच्या रकान्यांत बरोबर आकडे भरीत राहिलो असतो. प्रत्येक पद्धतीने आधीच्या पद्धतीचा एक दोष दाखविला आणि स्वतःचा एक दोष मागे ठेवला.

आपल्या विद्यार्थ्यांनी ह्यातून एवढाच बोध घ्यावा. कोणत्याही झुडपाखालची मूठभर माती नरसाळ्यात टाकून चोवीस तासांत प्राण्यांची यादी करता येते, आणि तशी यादी करणे हे कामाचे पहिले पाऊल आहे. परंतु यादीच्या तळाशी ज्यांची संख्या सर्वांत कमी आहे, त्यांच्याजवळ क्षणभर थांबावे. बेर्लेझे ह्यांच्या नरसाळ्यापासून होर्नादा येथील प्रयोगापर्यंतची ७६ वर्षे त्या तळच्या ओळींचा अर्थ लावण्यातच गेली आहेत.